चर्चवांचून वसविलेलें नगर

पोलंडांतील क्राकोव शहरालगत साम्यवादी सरकारनें १९४९ सालीं पोलादाच्या कारखान्यासाठीं नोवा हुता हें नगर वसविलें. त्यांत चर्चला जागाच नव्हती. १९५७ सालीं परवानगी मिळतांच लोकांनीं जागेवर क्रूस रोवला. पुढें ती परवानगी रद्द झाली. २७ एप्रिल १९६० रोजीं क्रूस उपटावयास माणसें आलीं, तेव्हां प्रथम स्त्रिया आडव्या आल्या, मागोमाग कामगार. मोठी चकमक झाली. पण क्रूस राहिला. १९६७ सालीं जवळच, बिएन्चित्से भागांत, बांधकामास आरंभ झाला. लोकांनीं स्वतः राबून नौकेच्या आकाराचें चर्च उभारलें. १९७७ सालीं त्याचें पवित्रीकरण करणारे कार्डिनल वोयतिला पुढल्याच वर्षीं पोप झाले. कारखान्यानें माणसें गोळा केलीं; त्यांचा गांव मात्र या धर्मग्रामानें घडविला.