पांढऱ्या कोटाचे गाव

आपल्याकडे गावठाणाच्या भूमीस पांढरी आणि शेतीच्या भूमीस काळी म्हणण्याचा प्रघात असल्यामुळे, युक्रेनच्या नैर्ऋत्येस, द्निस्तर नदी काळ्या समुद्रास मिळण्यापूर्वी जेथे विस्तीर्ण खाडीचे रूप धारण करते, तेथील बिल्होरोद-द्निस्त्रोव्स्की या नगराच्या नावात ‘पांढरा कोट’ दडलेला आहे असे कळले, की मराठी वाचकास ते नाव सर्वस्वी परके वाटत नाही. मात्र तेथील पांढरेपण मातीचे नव्हे, तटबंदीचे आहे.

इ. स. पूर्व सहाव्या शतकात मिलेटस नगरीच्या ग्रीक वसाहतकारांनी येथे वस्ती केली, तेव्हा द्निस्तरला ते तिरास म्हणत, आणि नदीचेच नाव त्यांनी वस्तीस दिले. पुढे रोमन अंमल आला. तिरासच्या नागरिकांना पूर्वापार असलेली जकातमाफी सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस याने इ. स. 201 मध्ये कायम केल्याचा शिलालेख उपलब्ध असून, आपल्या सनदा जपून ठेवणाऱ्या वतनदारांचे स्मरण त्याने सहजच होते.

मध्ययुगात ल्विव्हहून मोल्दाव्हियामार्गे समुद्राकडे उतरणारी व्यापारी वाट या बंदराशी येऊन संपे, आणि वाटसरू जितके, तितक्या भाषांतून त्याचे नामकरण झाले. रुमानियनांनी त्यास चेतातेआ आल्बा म्हटले, स्लावांनी बिल्होरोद, तुर्कांनी अक्केर्मान. शब्द निराळे, परंतु अर्थ एकच. अपवाद एवढाच, की ग्रीकांत ‘काळा कोट’ या अर्थाचे माव्रोकास्त्रोन हेही नाव प्रचलित होते आणि इटालियन व्यापाऱ्यांच्या दप्तरांत त्याचे मोनकास्त्रो झाले. म्हणजे एकाच तटास कोणी पांढरा म्हणे, कोणी काळा.

1484 मध्ये सुलतान दुसरा बायेझिद याने क्रिमियाच्या तातारांचे साह्य घेऊन हा किल्ला मोल्दाव्हियाचा राजा थोरला स्टीफन याच्याकडून जिंकला, आणि तीन शतकांहून अधिक काळ येथे ओस्मानी ठाणे राहिले. 1812 च्या बुखारेस्टच्या तहाने मुलूख रशियाकडे गेला. 1826 मध्ये रशिया आणि तुर्कस्तान यांच्यातील करारनामा येथेच झाला, म्हणून तो अक्केर्मानच्याच नावाने ओळखला जातो. पहिल्या महायुद्धाअखेर रुमानियाचे राज्य येताच चेतातेआ आल्बा हे नाव पुन्हा कागदोपत्री आले, आणि 1944 मध्ये सोव्हिएत शासनाने स्लाव नाव स्वीकारून त्यास द्निस्तरची जोड दिली. राज्ये आली आणि गेली, दप्तरांतील लिपी पालटल्या, तरी ज्या नदीने या वस्तीस पहिले नाव दिले, तिचेच नाव अखेरीस त्या पांढऱ्या कोटाशेजारी येऊन बसले.