जुन्या लष्करी बंदुकीचा नेम

पेडणे किंवा डिचोलीच्या डोंगरवस्तीत जुन्या बंदुकीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते: बंदूक म्हातारी झाली, आता तिचा नेम राहिला नाही. लोखंडालाही वय असते हे खरे. परंतु नेम जाण्याची कारणे बहुधा वयात नसतात. त्यांतील काही पावसात असतात, काही लाकडात असतात आणि एक कारण तर सरकारी हुकुमात होते. लष्कराने टाकून दिलेली रायफल हरणाच्या शिकारीसाठी कशी सुधारीत, हा वरवर पाहता शिकाऱ्यांचा विषय. पण नेमकी बंदूक कोणाच्या हाती असावी आणि कोणाच्या हाती नसावी, या प्रश्नात राज्यकर्त्यांनीही फार लक्ष घातले होते. म्हणून हा इतिहासाचाही विषय ठरतो.

गोमंतकाचा आणि बंदुकीचा संबंध पुष्कळ जुना आहे. आल्फोंसो द आल्बुकर्क याने १५१० साली गोवा जिंकला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १५१३ मध्ये, त्याने आपल्या राजास कळविले की येथील कारागीर बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका घडवितात. बोहेमिया म्हणजे त्या काळच्या युरोपातील नामांकित शस्त्रशाळांचा प्रदेश. तेव्हा ही स्तुती सामान्य नव्हे. पुढे १५४३ साली पोर्तुगिजांबरोबर तोड्याची बंदूक जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचली. तिची घडण गोवा-मलाक्का परिसरातील बंदुकांशी जुळते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. जपानचे नाव मुले चटकन सांगतात. गोव्याच्या लोहाराची आठवण मात्र आमच्या वर्गातसुद्धा क्वचितच निघते, हे एक शिक्षक म्हणून मला नमूद केले पाहिजे.

ही बंदूक उत्तम असली तरी तिची नळी आतून गुळगुळीत होती. गोळी सहज उतरावी म्हणून ती नळीपेक्षा बारीक ओतावी लागे. बार उडाला की ती नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का ज्या बाजूस बसेल त्याच्या उलट बाजूस जाई. साठ-सत्तर पावलांपलीकडे तिचा भरवसा धरता येत नसे. यावर शिकाऱ्यांनी शोधलेले उपाय साधेच होते. गोळी तेलकट चिंधीत गुंडाळून ठासावयाची, म्हणजे ती नळीत घट्ट बसते. आणि दारू अंदाजाने न ओतता दर वेळी एकाच मापाने ओतावयाची. नेमबाजीचे सारे शास्त्र या दुसऱ्या उपायात आहे, असे म्हटले तरी चालेल. आजची गोळी कालच्यासारखी सुटली, तरच उद्याची कोठे लागेल हे सांगता येते.

नळीच्या आत पिळदार खोबणी पाडल्या तर गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि आपली वाट सोडीत नाही. हे कारागिरांना पूर्वीच ठाऊक होते. १७४७ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने त्याची शास्त्रीय बैठक मांडली. अशी नळी भरावयास मात्र फार वेळ लागे. मिनिये या फ्रेंच अधिकाऱ्याने १८४९ च्या सुमारास पोकळ बुडाची गोळी काढली आणि ही अडचण दूर झाली. तिच्याच धर्तीवर १८५३ ची एनफील्ड रायफल आली. १८५७ साली तिच्या काडतुसांवरून काय घडले, हे सर्वांस माहीत आहे.

त्यानंतर काय घडले, हे मात्र थोड्यांस माहीत असते. बंड मोडल्यावर इंग्रज सरकारने हिंदी पलटणींसाठी त्याच एनफील्डची निराळी आवृत्ती तयार केली. .५७७ इंचाची पिळदार नळी .६५६ इंचापर्यंत पोखरून आतल्या खोबणी काढून टाकल्या. लांब पल्ल्याची सरकती शिडी काढून तेथे एक साधी स्थिर खाच बसविली. पोखरलेल्या नळीची भिंत इतकी पातळ झाली की ती चेपू लागली, तेव्हा पुढच्या वर्षी जाड नळीची नवी बंदूक काढावी लागली. बाहेरून पाहावे तर तीच बंदूक, तोच दस्ता, तोच घोडा. फक्त नेम तेवढा काढून घेतलेला. गोऱ्या शिपायाच्या हाती रायफल आणि काळ्या शिपायाच्या हाती तिची सावली!

श्रोतेहो, ही युक्ती एकदाच वापरून सोडून दिली असे समजू नका. विसाव्या शतकात ईशापूरच्या कारखान्यात .३०३ च्या लष्करी रायफली पोखरून .४१० च्या गुळगुळीत नळीच्या बंदुका केल्या गेल्या, आणि त्या पोलीस व तुरुंगाचे पहारेकरी यांना देण्यात आल्या. त्यांतील अनेकींत काडतुसांच्या पेटीची जागा लाकडाचा ठोकळा बसवून बुजविलेली असे, म्हणजे एका वेळी एकच बार. खाजगी नागरिकास .३०३ ची बंदीच होती. त्याच्यासाठी त्याच ईशापुरात, त्याच रायफलीच्या बांधणीवर, .३१५ ची शिकारी रायफल निघाली. लष्करी काडतूस तिच्यात बसू नये, एवढाच त्या निराळ्या आकड्याचा अर्थ.

गोमंतकात राज्य दुसरे होते, पण भीती तीच होती. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे आले; हा सारा मुलूख सावंतवाडीकरांचा. डोंगर, ओहोळ, दाट रान. राजाज्ञा येथे हळू चाले. शेजारच्या सत्तरीत दीपाजी राणे यांनी १८५२ च्या जानेवारीत नाणूसचा किल्ला घेतला, आणि त्यांना आवरता आवरता सरकार थकले. सप्टेंबर १८९५ मध्ये आफ्रिकेत मोझांबिकला जाण्याचा हुकूम मिळालेले मराठा शिपाई पणजीत बिघडले आणि सरकारी शस्त्रे व दारूगोळा घेऊन सत्तरीच्या रानात गेले. दादा राणे त्यांस मिळाले. हे बंड शमविण्यासाठी पोर्तुगालच्या राजास आपला भाऊ, इन्फांते दोम आफोन्सु, यास सैन्यासह पाठवावे लागले. लष्कराची बंदूक आणि रानाची वाट जाणणारा माणूस एकत्र आले म्हणजे काय होते, हे सरकारने तेव्हा पाहिले.

रानातला नेम आणि कवाइतीच्या मैदानातला नेम यांत मात्र मोठे अंतर आहे. लष्करी रायफल दूरच्या शत्रूसाठी घडविलेली असते. १८९८ च्या जर्मन माउझर रायफलीची मागची खाच सर्वांत खाली आणली, तरी ती चारशे मीटरसाठीच लावलेली असे. इंग्रजी ली-एनफील्डची खाच दोनशे वारांपासून सुरू होई. आमच्याकडच्या झाडीत भेकर किंवा मेरू (सांबराला येथे मेरू म्हणतात) दिसला तर तो चाळीस-पन्नास पावलांवर दिसतो. माउझरने अशा भेकराच्या छातीच्या मध्यावर नेम धरला, तर गोळी पाच-सहा बोटे वर लागेल. शंभर मीटरवर जवळजवळ वीतभर वर. शिकारी बंदुकीला दोष देतो, आणि बंदूक तर तिला शिकविलेले काम चोख करीत असते! उपाय एवढाच की पुढची माशी उंच बसवावयाची. माशी जितकी उंच, तितकी गोळी खाली. अनेकांस हे उलटे वाटते. पण कागद लावून तीन गोळ्या झाडून पाहिल्या की पटते.

दोन्ही महायुद्धांनंतर अशा लक्षावधी रायफली जगभर स्वस्तात विकल्या गेल्या. अमेरिकेत तर सामान्य शेतकऱ्यानेही हरणाच्या शिकारीसाठी ली-एनफील्ड किंवा माउझर घेतली आणि ती घरीच सुधारण्याचा उद्योग आरंभला. पहिला झटका म्हणजे पुढचे जड लाकूड कापून बंदूक सुटसुटीत करणे. दिसावयास सुरेख, परंतु ली-एनफील्डची नळी त्या लाकडाच्या आत ठराविक दाबाने टेकविलेली असते. तो आधार कापला की नेम सुधारण्याऐवजी बिघडतो. ज्यांनी आधी कारण शोधले आणि मग कानस हाती घेतली, त्यांच्याच बंदुका सुधारल्या.

ती कारणे आमच्या हवेत अधिकच प्रबळ होतात. येथे पावसाळ्यात लाकूड फुगते व नळीला कडेने रेटते; जूनमध्ये लावलेला नेम डिसेंबरात सरकलेला असतो. म्हणून जाणता माणूस लाकूड वाळवून, तेल पाजून, ते नळीला नको तेथे टेकत नाही ना हे पाहतो. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत असा क्षार असे की बार झाल्यावर तो नळीत उरे आणि मिठासारखा हवेतील ओल ओढून घेई. नुसत्या तेलाने तो जात नाही. आधी कढत पाणी ओतावयाचे, नळी कोरडी करावयाची, मगच तेल. आणखी एक ठिकाण म्हणजे नळीचे तोंड. वर्षानुवर्षे पुढून गज घालून साफ केल्याने तेथली कड एका बाजूस झिजते, आणि बाहेर पडणाऱ्या गोळीला शेवटचा धक्का वाकडा बसतो. नळी आतून आरशासारखी असूनही नेम न लागणाऱ्या कित्येक बंदुकांचे दुखणे या काठावर असते. कुशल कारागीर तोंड काटकोनात घासून ते दूर करतो. घरगुती कानशीने ते काम करू नये.

या साऱ्या खटाटोपाचे मोल शिकाऱ्याच्या फुशारकीपुरते नव्हते. हाका झाला, मेरू धावत आला, बार झाला आणि गोळी पोटात लागली, तर ते जनावर पडत नाही. ते ओहोळ उतरून पलीकडच्या रानात जाते आणि दोन दिवसांनी कोठेतरी मरते. मांस कोणाला मिळत नाही आणि पाप कोणी मोजत नाही. ज्याला बंदुकीचा नेम माहीत नाही त्याने चाप ओढू नये, एवढा नियम पाळला असता तरी आमच्या रानांतील पुष्कळ जनावरांचे हाल टळले असते.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि भारताचे कायदे येथे आले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात १९९१ साली झालेली दुरुस्ती यांनी शिकारीचा शौक संपविला. भेकर वा मेरू मारणे आता गुन्हा आहे. शेतीच्या रक्षणासाठी परवान्याची बंदूक घरी असली, तरी तो परवाना जनावर मारण्याचा नव्हे. थ्री नॉट थ्रीचेही दिवस भरत आले. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी संचलनात तिला अखेरचा निरोप दिला. लाकूड, माशी आणि नळीचे तोंड यांची विद्या आता चांदमारीच्या मैदानावर उरली आहे. तेथे पन्नास मीटरवर कागद असतो, आणि चुकलेली गोळी मागच्या मातीच्या बांधात जाते.