खुर्दा

आमच्या गावात लढाईचे दोन दगड आहेत. एक वेशीबाहेर ओढ्याच्या काठाला, दुसरा चावडीच्या भिंतीत. दोन्ही मेलेल्या माणसांचे, आणि दोन्हींवर एकाही माणसाचं नाव नाही.

ओढ्याकाठचा दगड म्हणजे वीरगळ. पुरुषभर उंच, पाण्यापावसानं झिजलेला. लहानपणी आम्ही त्यावर बसून चिंचा खायचो. एकदा पणजीनं बघितलं आणि लांबूनच ओरडली, "उतर खाली! मेलेला माणूस हाय त्यो. त्येच्यावर बसत्यात व्हय?" मग तिनं बोट लावून दाखवलं. खालच्या खणात गाई आणि त्यांच्यापुढं तलवार उपसून उभा असलेला गडी. कुणीतरी गावची गुरं पळवून नेत होतं, हा आडवा गेला आणि पडला. मधल्या खणात दोन अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेताहेत. सगळ्यात वर तो हात जोडून पिंडीपुढं बसलाय. माथ्यावर चंद्र आणि सूर्य. ते आहेत तोवर याची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. कीर्ती राहिली, नाव मात्र गेलं. आता लोक त्याला शेंदूर फासतात आणि 'देव' म्हणतात.

चावडीतली पाटी संगमरवरी. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून २३ माणसं गेली आणि त्यांतल्या ५ जणांनी प्राण दिले, एवढंच तिच्यावर कोरलंय. अशा पाट्या सातारा भागात गावोगाव सापडतील. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे ४६ जण त्या युद्धात कामी आले आणि गावाचं नावच 'अपशिंगे मिलिटरी' पडलं. आमचं गाव तेवढं नामांकित नाही. पण त्या पाचांतला एक माझा पणजोबा.

तो गेला तेव्हा माझे आजोबा पाळण्यात होते. देशप्रेम वगैरे काही नव्हतं. शिपायाला महिना ११ रुपये पगार होता आणि आमची जमीन म्हणजे मुरमाड माळ. आषाढ कोरडा गेला की घरात दाणा नसायचा. गावात आजही कुणी त्या युद्धाला महायुद्ध म्हणत नाही. 'बसऱ्याला गेलेला' एवढंच म्हणतात.

बसऱ्याला म्हणजे आजच्या इराकात. पुणे डिव्हिजन म्हणून जी फौज तिकडं गेली तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. बगदाद घ्यायला म्हणून ही फौज तैग्रिस नदीच्या काठानं वर चढली, तिथं मार खाऊन मागं फिरली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कुत नावाच्या गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. जवळजवळ पाच महिने वेढा चालला. दाणागोटा संपला, तेव्हा घोडी कापून खायची वेळ आली. कित्येक हिंदी शिपायांनी धर्म बाटेल म्हणून ते मांस तोंडाला लावायचं नाकारलं आणि उपासानं ते आणखी खंगले. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. त्यांना वाळवंटातून उत्तरेकडं चालवत नेलं. वाटेत आणि छावण्यांत हजारो मेले, गोळीनं नव्हे, तर तहानेनं, हगवणीनं आणि मारानं.

माझा पणजोबा त्यांतला एक. कुठं पडला, कोणत्या दिवशी, ते कुणीच कळवलं नाही. पत्र येणं थांबलं आणि बऱ्याच काळानं पेन्शन यायला लागली. पणजीला नवरा मेल्याची बातमी मिळाली ती अशी. गावातल्या बायका कुंकू पुसायला आल्या. तिनं दार लावून घेतलं. आतूनच म्हणाली, "पेन्शन सरकारची हाय, ती घेतली. कुंकू माझं हाय."

पुढं पन्नास वर्षं ती कुंकू लावत राहिली. गावात कुजबुज व्हायची. पितृपंधरवडा आला की आजोबांची पंचाईत. ज्याची तिथी ठाऊक नाही त्याचं पान सर्वपित्री अमावास्येला वाढतात. पण बापाचं पान वाढायला आई हयात असून परवानगी देईना. आजोबा आपल्या आज्या-पणज्यांची पानं वाढायचे आणि बापाचं नाव आलं की गप्प बसायचे.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. चैत्रातल्या जत्रेला टुरिंग टॉकीजचा तंबू आला होता आणि त्यात 'हकीकत' लागला होता. चेतन आनंदांचा, १९६२ च्या चीनच्या लढाईवरचा. पणजी तोवर सत्तरीला टेकली होती. जन्मात सिनेमा बघितला नव्हता. "लढाईचा हाय म्हनत्यात. मला घेऊन चल," म्हणाली. हिंदी तिला ओ की ठो कळत नव्हतं. पडद्यावर बर्फात एकेक पोरगा पडत होता आणि ती माझं मनगट गच्च धरून बसली होती. मधेच तिनं हळू विचारलं, "ह्या पोरांच्या घरी कळवलं का रं कुनी?"

मला उत्तर आलं नाही. आजही येत नाही.

त्याच वर्षी भाद्रपदात, सर्वपित्रीच्या सकाळी, ती चुलीपाशी येऊन बसली. कपाळ मोकळं होतं. आजोबांना म्हणाली, "आता त्येंचं बी पान वाढ." एवढंच. सिनेमाचं नाव तिनं काढलं नाही. पण मला वाटतं, माणूस लढाईत कसा मरतो ते तिनं त्या तंबूत पहिल्यांदा बघितलं. पाटीवरच्या आकड्यानं आणि पेन्शनच्या कागदानं जे पटलं नव्हतं, ते डोळ्यांनी बघून पटलं.

पुढं मी शिक्षक झालो. तीस वर्षं इतिहास शिकवला. १४ जानेवारी १७६१, पानिपत. त्यानंतर दक्षिणेत आलेल्या सांकेतिक पत्राचा मजकूर पोरांना सांगताना दरवेळी माझा आवाज जड व्हायचा. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. सत्तावीस मोहरा म्हणजे नामांकित सरदार. आणि साधे शिपाई? ते सुटे पैसे, खुर्दा. तो किती गेला त्याचा हिशेबच लागत नाही, असा त्या पत्राचा भाव. मोत्यांवर विश्वास पाटलांची कादंबरी आली, सिनेमे निघाले, बखरी तर होत्याच. खुर्दा गेला तो गेला. वर्गात मागच्या बाकावर बसलेली पोरं बघून वाटायचं, ही सगळी त्या खुर्द्याचीच वंशावळ.

इंग्रजांनी तरी काय वेगळं केलं? बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे. गोऱ्या शिपायांची नावं कोरली, आपल्या साध्या शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं ही चूक कबूल केली आणि ब्रिटनच्या संसदेत माफीही मागितली गेली. ते वाचलं त्या दिवशी मी चावडीपुढं जाऊन उभा राहिलो. म्हटलं, लंडनला माफी मागून झाली. आपल्या पाटीचं काय?

मग वही घेऊन फिरलो. म्हाताऱ्यांकडून चार नावं मिळाली. पाचवं कुणी सांगेना. "चारच असतील, दगड कोरणारा चुकला असंल," म्हणून एकानं मोडीत काढलं. शेवटी वस्तीतल्या आक्कांकडं गेलो. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "पाचवा माझा आजा, गुरुजी. गावानं कधी इचारलं न्हाई."

१९१७ साली सरकारला माणसं कमी पडली, तेव्हा महारांना पुन्हा पलटणीची दारं उघडली. १८९२ पासून ती बंदच होती. १११ महार ही पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत मोडली. आक्कांचा आजा त्या भरतीतला. मी गावच्या खुर्द्याचा हिशेब मांडत होतो. त्या खुर्द्यातलंही एक नाणं आम्ही बाजूला टाकलं होतं, हे माझ्या ध्यानात यायला पाऊण आयुष्य गेलं.

"आमी दर एक जानेवारीला कोरेगावला जातो," आक्का म्हणाल्या. "तिथल्या खांबावर नावं हायती. हात लावून वाचता येत्यात." भीमा कोरेगावची लढाई १८१८ ची. म्हणजे शिपायांची नावं कोरता येत नव्हती असं नाही. मनात असलं तर येत होती.

ग्रामसभेत विषय मांडला. एक तरुण उठला, "इंग्रजांसाठी मेले त्यांचं कौतुक कशाला?" प्रश्न खोटा नव्हता. मी म्हटलं, "कौतुक नकोच. कुणासाठी मेले यावर भांडू की पुढं. कोण मेले एवढं तरी लिहून ठेवू." बरीच बाचाबाची झाली, पण ठराव झाला. जुन्या पाटीखाली नवी पाटी.

हे सांगायला आक्कांकडं गेलो. त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नाव लिवा गुरुजी. पर समद्यांच्या शेवटी नगं."

घरी येऊन वही उघडली. मी खरोखरच ते नाव शेवटी लिहिलं होतं. ते कोरं पान फाडलं आणि नावं बाराखडीप्रमाणे नव्यानं मांडली. त्या हिशेबानं माझा पणजोबा चौथा येतो आणि आक्कांचा आजा दुसरा. पाथरवटाला तोच कागद दिलाय.