'परम' ते रंगीत ठोकळे: अनेक संगणकांना एकत्र चालवण्याची गोष्ट

१/ रेल्वेचे रूळ अंबरनाथचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करतात. रेल्वेचा एक जुना नियम आहे: पुढच्या स्थानकाकडून 'लाइन क्लिअर' मिळाल्याखेरीज गाडी सोडायची नाही. स्टेशन मास्तरला संपूर्ण मार्ग दिसत नसे. त्याच्या हाती असत ते केवळ निरोप. वितरित संगणनाची मूळ अडचण नेमकी हीच आहे.

२/ वितरित संगणन म्हणजे एकच काम अनेक संगणकांनी वाटून घेणे. प्रत्येकाची स्मृती वेगळी, घड्याळही वेगळे. निरोपांचा क्रम चुकला तर उत्तर चुकते. दोघेही एकमेकांच्या निरोपाची वाट पाहत थांबले तर काम कायमचे अडते. या कोंडीला 'डेडलॉक' म्हणतात.

३/ महाराष्ट्रात या कथेचे मोठे पर्व पुण्यात घडले. १९८० च्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी भारताला अमेरिकेचा क्रे महासंगणक हवा होता. लष्करी वापराच्या शंकेने अमेरिकेने अधिक शक्तिशाली यंत्र नाकारले आणि कमी क्षमतेचे देऊ केले. १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' स्थापन झाली. तिचे नेतृत्व अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावच्या डॉ. विजय भटकर यांच्याकडे आले.

४/ सी-डॅकने एकाच अतिवेगवान प्रोसेसरचा हट्ट धरला नाही. ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचा 'ट्रान्सप्युटर' शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे घेऊनच जन्मला होता. असे ट्रान्सप्युटर एकमेकांना जोडून १९९१ मध्ये 'परम ८०००' साकार झाला.

५/ यंत्र उभे राहिले. पण ते चालवायचे कोणी? कामाचा कोणता तुकडा कोणत्या प्रोसेसरकडे द्यायचा, निरोप कधी धाडायचा, कुठे थांबायचे, हे सारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवायचे होते. १९९४ मध्ये 'एमपीआय' हे निरोपांचे सामायिक मानक आले. तरीही मजकुराच्या ओळींतून अनेक संगणकांची हालचाल डोळ्यांपुढे आणणे हे तज्ज्ञांचेच काम राहिले.

६/ पुढे, २००० नंतरच्या दशकात, सी-डॅकने 'गरुड' हे राष्ट्रीय ग्रिड उभारले. १७ शहरांतील संशोधन संस्था वेगवान जाळ्याने जोडल्या गेल्या. संशोधकाला ब्राउझरमधून दूरच्या यंत्रावर काम पाठवता येऊ लागले. दार सोपे झाले. आतला प्रोग्रॅम मात्र तितकाच अवघड होता.

७/ त्याच काळात मुलांसाठी वेगळी वाट तयार होत होती. २००७ मध्ये एमआयटीचे 'स्क्रॅच' आले; त्याच धर्तीवर बर्कली विद्यापीठात 'स्नॅप' वाढले. रंगीत ठोकळे जुळवायचे आणि प्रोग्रॅम तयार! न बसणारे ठोकळे एकमेकांत अडकतच नाहीत. परंतु हे प्रोग्रॅम बहुधा एकाच संगणकापुरते असत.

८/ ही मर्यादा 'नेट्सब्लॉक्स'ने ओलांडली. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात 'स्नॅप'च्या पायावर ते घडले; त्यावरील शोधनिबंध २०१७ मध्ये आला. त्यात दोन गोष्टींची भर होती: दुसऱ्या संगणकाला निरोप धाडणारे ठोकळे, आणि दूरच्या सर्व्हरकडून काम करवून घेणारे ठोकळे. दुसरी कल्पना जुनीच होती. बिरेल आणि नेल्सन यांनी १९८४ मध्ये ती शोधनिबंधात सविस्तर मांडली होती.

९/ समजा, अंबरनाथ पश्चिमेतील एक मुलगी आणि पूर्वेतील तिचा मित्र फुली-गोळ्याचा असा खेळ रचतात. दोघांनी एकाच क्षणी एकाच घरात खूण केली, तर कोणाची ग्राह्य धरायची? पाळी कोणी राखायची? निरोप उशिरा पोहोचला तर? 'परम'साठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही असेच प्रश्न सोडवावे लागत.

१०/ ठोकळ्यांनी महासंगणकाचे काम होत नाही. हवामानाचे प्रारूप त्यांवर चालणार नाही. निरोप कुठून निघाला हे ठोकळा दाखवतो; तो वेळेवर पोहोचेल याची हमी देत नाही. तो विचार माणसालाच करावा लागतो. १९८८ मध्ये हा विचार करू शकणारी माणसे देशात होती, म्हणूनच नकारानंतरही 'परम' उभा राहिला. तेव्हा त्याचा पहिला धडा मोजक्या प्रयोगशाळांतच मिळे. आज तो शाळेतल्या संगणकावर, ब्राउझर उघडून गिरवता येतो.