खानदेशातले रिकामे कोनाडे

धुळ्याहून साक्रीच्या किंवा नंदुरबारच्या बाजूला जाताना सपाट रानातून दूरवर गेलेल्या काळ्या दगडाच्या भिंती दिसतात. कुणीतरी बांधल्यासारख्या वाटतात, पण त्या बांधलेल्या नाहीत. जमिनीच्या भेगांत लाव्हा थिजला, भोवतालचा खडक झिजून गेला आणि या भिंती उभ्या राहिल्या. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. दख्खनच्या या लाव्ह्याचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे आहे. डायनोसॉर संपले ते याच सुमारास. मुख्य घाव अशनीचा होता असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. लाव्ह्याचा त्यात वाटा किती, यावर वाद चालू आहे.

मोठे प्राणी गेल्यावर लहानखुऱ्या सस्तन प्राण्यांना मोकळे रान मिळाले. समुद्रातले महाकाय सरीसृप संपले होते. त्यांच्या जागी पुढे देवमासे आले, पण लगेच नव्हे. काश्मीरच्या खडकांत सापडलेला इंडोहायस हा मांजराएवढा, खुरांचा प्राणी देवमाशांचा जवळचा नातेवाईक ठरला, तो सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे समुद्रातली ती जागा भरायला एक कोटीहून अधिक वर्षे लागली.

हेच गणित पुढच्या काळाला लावले तर? १९८१ साली डूगल डिक्सन या लेखकाने ‘आफ्टर मॅन’ या पुस्तकात ते लावून पाहिले. माणूस नाहीसा झाल्यावर पाच कोटी वर्षांनी पृथ्वीवर कोणते प्राणी असतील? त्याच्या चित्रांत सशांचे वंशज हरणांसारखे उंच होऊन चरतात आणि उंदरांचे वंशज लांडग्यांसारखी शिकार करतात. चित्रे गमतीची आहेत, पण त्यांमागचा विचार गंभीर आहे. निसर्गात प्रत्येक जीवाची एक जागा असते: तो काय खातो, त्याला कोण खाते, तो कोठे व केव्हा वावरतो. ग्रिनेल या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने १९१७ साली या जागेसाठी ‘निश’ हा शब्द रूढ केला. निश म्हणजे भिंतीतला कोनाडा. शब्द चपखल आहे, पण फसवाही आहे. वाड्यातल्या कोनाड्यातला दिवा उचलला तरी कोनाडा तसाच राहतो. रानातला कोनाडा तसा राहतो का?

हे पाहायला पाच कोटी वर्षे थांबण्याची गरज नाही. चाळीसगाव तालुक्यातले पाटणे बहुतेकांना भास्कराचार्यांच्या घराण्याच्या शिलालेखामुळे ठाऊक असते. तेथेच १९७०च्या दशकाच्या आरंभी पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केले. त्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि जाळीसारखी नक्षी कोरलेला कवचाचा तुकडा मिळाला. रेडिओकार्बनने त्यांचे वय सुमारे २५,००० वर्षे निघाले. भारतात सापडणारी अशी कवचे खरोखर शहामृगाचीच, हे हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्राचीन डीएनएवरून दाखवले. म्हणजे गिरणेच्या खोऱ्यात एके काळी शहामृग धावत होते! ते गेले. त्यांच्या जागी दुसरा धावणारा पक्षी उत्क्रांत झाला नाही. पंचवीस हजार वर्षे त्याला फारच तोकडी. आज त्या माळांवर गाई-गुरे आणि ठेलाऱ्यांच्या मेंढ्या चरतात. कोनाडा भरला असे म्हणायचे असेल तर तो माणसाने बाहेरून आणलेल्या जनावरांनी भरला, आणि भरताना माळही बदलून टाकला.

दुसरी नोंद अलीकडची. १८२५ साली धरणगावला भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रमच्या चरित्रात त्याच्या शिकारीचा हिशेब दिला आहे. १८३४ पर्यंतच्या दहा वर्षांत त्याच्या समक्ष १९१ वाघ, १५ बिबळे, २५ अस्वले आणि १२ रानरेडे मारले गेले. खानदेशात रानरेडे होते हे वाचून आम्ही चकित झालो. (पाटण्याला लागून असलेल्या अभयारण्याचे नाव गौताळा-औट्रमघाट आहे, हा इतिहासाचा एक विनोदच.) वाघ मुक्ताईनगरच्या बाजूचे थोडे रान सोडता जवळपास संपला. त्याचा वारस म्हणून बिबळ्याकडे बोट दाखवले जाते. पण बिबळ्या वाघ झालेला नाही. तो कुत्री, शेळ्या, वासरे यांवर गावाच्या कडेने जगतो. नीलगाय आणि रानडुक्कर मात्र शेतात शिरतात आणि त्यांना आवरणारे फारसे कोणी नाही. वाघाच्या कामाचा एक तुकडा बिबळ्याने उचलला, दुसरा शेतकऱ्याच्या रात्रीच्या राखणीवर आला, उरलेला कोणीच उचलला नाही.

गिधाडांचे उदाहरण तर आमच्या डोळ्यांदेखतचे. १९९०च्या दशकात ती झपाट्याने कमी झाली. गुरांना देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे त्याचे कारण असल्याचे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली भारतात त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गिधाडांचा थवा मेलेल्या बैलाचा तासाभरात सापळा करून ठेवी. आता त्या जागी भटकी कुत्री असतात. ती मांस खातात, पण गिधाडाच्या जठरातल्या आम्लात जे जंतू मरतात ते त्यांच्याकडून तसे मरत नाहीत. वर रेबीजची भर. शिवाय कुत्री वर्षाला पिल्लांचे वेत घालते, गिधाडाची मादी एकच अंडे. गिधाडे परतली तरी जुनी जागा मिळवणे त्यांना अवघड जाईल.

लेवॉन्टिन या जीवशास्त्रज्ञाने १९७८ साली हाच मुद्दा मांडला होता: जीवाआधी कोनाडा तयार नसतो, जीव आपल्या जगण्याने तो घडवतो. डिक्सनच्या चित्रांत हीच बाजू फिकी पडते असे आम्हाला वाटते. त्याची पृथ्वी आधीच ठरलेल्या खुर्च्यांची आहे. बसणारे तेवढे बदलतात.

‘पाच कोटी वर्षांनंतरचा खानदेश’ हे चित्र वर्गात काढून घ्यायला आमची हरकत नाही, मुलांना ते आवडतेच. पण आधी आठवडाभर एक काम द्यावे. गावातल्या साठी ओलांडलेल्या माणसांना विचारून यावे: गिधाडे शेवटची कोणत्या साली पाहिली, तेव्हा मेलेले जनावर कोठे टाकत, आणि आज तेथे काय येते.