तळटीप : ‘दहापैकी गुण’
* बिद्रीच्या साखर कारखान्याच्या काट्यावर भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा होते, तद्वत् हवाई कसरतींच्या स्पर्धेत पंच प्रत्येक आकृतीस आरंभी पूर्ण १० गुण बहाल करून, कोनातील दर ५ अंशांच्या विचलनाबद्दल १ गुण कापतात व शेष गुणांस त्या आकृतीच्या काठिण्यांकाने गुणतात. वाऱ्यामुळे लूपचे वर्तुळ विस्कटल्यास दोष वैमानिकाच्याच माथी. परंतु उभ्या चढाईत विमान वाऱ्याबरोबर बाजूस सरकले, तरी त्याचा रोख लंबरूप असल्यास कपात नाही, आणि हा भेद आम्हांस न्याय्य वाटतो. भारतीय वायुसेनेचे सूर्यकिरण पथक (स्थापना १९९६, बीदर) केवळ प्रात्यक्षिके करते. त्यास हा हिशेब लागू नाही. — संपादक