पाच ठोके : जाव्हातल्या खेड्याचा पहारा

आपली दिवाळी वसुबारसेला गोठ्यातून सुरू होते. जाव्हा बेटावरच्या खेड्याची हकिगतही गोठ्यापासूनच सांगावी लागते, कारण तिथला शेतकरी गुराढोरांना 'राजाकाया' म्हणतो. लिहायचे राजाकाया, म्हणायचे 'रोजोकोयो'. म्हैस, बैल, शेळी हे सारे त्यात आले. दागदागिने आणि रोकड यांना निराळा शब्द आहे. गावाला तिथे 'देसा' म्हणतात. शब्द आपलाच, संस्कृतातून समुद्रापार गेलेला. पण आपण ज्याला देश म्हणतो तो तिकडे खेड्याएवढा झाला. खेडुताच्या दृष्टीने यात फारसे चुकले आहे असे वाटत नाही.

या देसात घराच्या पडवीला किंवा गावाच्या चौकीपाशी एक लाकडी ओंडका टांगलेला असतो. आतून पोकळ, मध्ये लांब चीर. बांबूच्या पेराचाही करतात. त्याचे नाव केंतोंगान. दांडक्याने ठोकला की रात्रीच्या शांततेत भातखाचरांपलीकडच्या वस्तीला ऐकू जातो. त्याची एक ठरलेली भाषा आहे, ती गावागणिक थोडी बदलते. सर्वसाधारणपणे थांबून थांबून एकेक ठोका म्हणजे कोणाचा खून झाला किंवा कोणी दगावले. दोन-दोन ठोके म्हणजे घरात चोर. तीन-तीन म्हणजे आग, चार-चार म्हणजे पूर किंवा तसेच संकट. पाच-पाच म्हणजे गुरे चोरीला गेली. सगळे ठीक असेल तर त्याचीही एक निराळी चाल आहे; तिचे नाव 'दारा मुलुक', म्हणजे उंच भरारी घेणारे कबुतर.

गावाला कशाकशाची धास्ती आहे, त्याची ही नोंदवहीच म्हणायची. घरफोडीला एक खूण आणि गुरांच्या चोरीला वेगळी खूण, ही तपशिलाची बाब नाही. जाव्हातल्या शेतकऱ्याची जमीन बहुधा अर्ध्या हेक्टरच्या आत, म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वा एकरही नाही. त्याची शिल्लक गोठ्यात उभी असते. मुलाचे लग्न, आजारपण, शाळेची फी यांसाठी तोच पैसा. ज्याला जनावर घेणे परवडत नाही तो दुसऱ्याचे सांभाळतो आणि वासरांत वाटा घेतो. या रिवाजाला 'गादुह' म्हणतात. जनावर गेले तर अशा वेळी दोन घरे बुडतात.

पण या ठोक्यांच्या यादीत एक धास्ती कधीच आली नाही. मालमत्तेवर सर्वांत मोठे घाले जिकडून पडले त्या दिशेसाठी गावाकडे खूणच नव्हती.

आधी पहाऱ्याविषयी. रात्रीच्या गस्तीला 'रोंदा' म्हणतात. शब्द पोर्तुगीज वळणाचा, आपल्या जुन्या मराठीतला 'रोंद' आठवावा. चौकीला 'गार्दू' म्हणतात, तो आपल्या 'गारद'च्या कुळातला. घरटी एक पुरुष आळीपाळीने गस्तीला जातो. दाराशी एखादी डबी किंवा करवंटी टांगलेली असते आणि घरची बाई संध्याकाळी तीत चिमूटभर तांदूळ टाकून ठेवते. हीच 'जिंपितान'. गस्तवाले फिरता फिरता तो गोळा करतात. थेंबे थेंबे साठलेल्या या तांदळातून गावचा रस्ता, मयताचा खर्च, चौकीचे छप्पर असली कामे निघतात. यात एक खुबी आहे. सकाळी डबी रिकामी दिसली म्हणजे रात्री गस्त घरावरून गेली. पहारेकऱ्यावरचा पहारा चिमूटभर तांदळात होतो.

आपल्याकडे हे काम रामोशी-जागल्याकडे होते. ते वतनाचे काम, एका जातीच्या माथी मारलेले. चोरी झाली तर माग काढायचा त्याने आणि संशयही पहिला त्याच्यावरच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असे म्हणून गाव मोकळे होई. जाव्हात अशी पहारेकऱ्यांची जात नव्हती, हा मोठा फरक. तरीही तिथे किल्ल्यांचा प्रश्न सुटला नव्हता. एकोणिसाव्या शतकात 'जागो' नावाचा इसम गावोगाव दिसतो. शब्दाचा अर्थ कोंबडा, झुंजीतला. आपण 'दादा' म्हणू तोच हा. गावचा मुख्य आणि त्याच्या वरचे अंमलदार अशांना हाताशी धरीत. गेलेली म्हैस मध्यस्थामार्फत पैसे मोजून परत मिळे, आणि मध्यस्थ बहुधा चोराला ओळखत असे. इतिहासकार ओंग हॉक हाम यांनी माडियुन भागाच्या अभ्यासात सत्ता आणि गुन्हेगारी यांची ही गुंतागुंत उलगडली आहे.

चोराला निदान पैसे देऊन म्हैस सोडवता येई. अंमलदाराने नेली तर?

1856 च्या जानेवारीत एदुआर्द दाउवेस डेकर हा डच अधिकारी जाव्हाच्या पश्चिम टोकाला लेबाक जिल्ह्यात रुजू झाला. स्थानिक अधिपती आणि त्याचे नातलग रयतेची जनावरे मोबदला न देता नेतात, माणसे वेठीला धरतात, हे त्याने वर कळवले. वरिष्ठांनी त्यालाच गप्प बसवायचे ठरवले. काही महिन्यांत त्याने राजीनामा दिला आणि 1860 मध्ये 'मुलतातुली' या नावाने 'माक्स हावेलार' ही कादंबरी छापली. तिच्यातल्या साइजाच्या बापाची म्हैस अंमलदार नेतो. बाप वाडवडिलांचा क्रिस, म्हणजे खंजीर, विकून दुसरी घेतो. तीही जाते. मग मच्छरदाणीचे चांदीचे आकडे विकून तिसरी. तीही जाते. नांगराला जनावर नाही, सारा भरता येत नाही, म्हणून तो गाव सोडतो आणि परवाना जवळ नसल्यामुळे तुरुंगात मरतो. ही कादंबरी आहे, दप्तर नव्हे, हे धरूनच वाचावी. पण लेखकाने ती दप्तर हाताळल्यावर लिहिली आहे. साइजाच्या गावाकडेही केंतोंगान असणारच. तो कोणी वाजवला नाही. ठोके ऐकून जमणाऱ्यांनी ज्याच्याकडे चोराला न्यायचे, त्याच्याच गोठ्यात म्हैस होती.

जमिनीची गोष्ट जास्त लांबची. 1811 ते 1816 जाव्हा इंग्रजांकडे होते. लेफ्टनंट गव्हर्नर रॅफल्सने तिथे जमीनसारा आणला तेव्हा त्याच्यासमोर मद्रासेतल्या मन्रोच्या रयतवारीचा नमुना होता, आणि जमिनीच्या चौकशीचे काम पाहायला मद्रासेतलाच कर्नल कॉलिन मॅकेन्झी होता. मुंबई इलाख्यात आपल्याकडे पुढे जी रयतवारी आली, तिची ही सावत्र बहीण. डचांनी परत आल्यावर सारा ठेवला. 1830 पासून त्याच्या जोडीला सक्तीची पिके आली. कागदावर गावची पाचवा हिस्सा जमीन ऊस-नीळ यांना द्यायची होती, प्रत्यक्षात अनेक ठिकाणी जास्त गेली. 1849-50 मध्ये देमाक आणि ग्रोबोगान या भातपिकाऊ मुलुखात माणसे उपाशी मेली. 1870 मध्ये सरकारने जाहीर केले की ज्या जमिनीवर कोणी मालकी सिद्ध करू शकत नाही ती सरकारची.

सिद्ध कशाने करायची? शेतकऱ्याकडे होती ती साऱ्याची पावती. गावाच्या दप्तरातल्या नोंदवहीला आजही 'लेटर सी' म्हणतात, आणि मालकाच्या हातच्या कागदाला 'गिरिक' किंवा 'पेतोक डी'. सातबारा पेटीत जपणाऱ्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. महसुली नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, हे आपल्या न्यायालयांनीही वारंवार सांगितले आहे. कागद सांगतो की सारा कोण भरतो. आणि तरी दोन्हीकडच्या शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या तोच उशाशी ठेवला.

1942 मध्ये जपानी आले. त्यांनी भात सक्तीने उचलले, माणसे वेठीला नेली आणि 1944 मध्ये दहा-वीस घरांचे शेजारगट पाडले. राज्य गेले, गट राहिले. आजच्या इंडोनेशियातली सर्वांत खालची शेजारसमिती याच बीजाची. शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांभाळावे आणि त्याच्यावर लक्षही ठेवावे, ही दोन कामे तेव्हापासून एकाच माणसाकडे आली.

स्वतंत्र इंडोनेशियाने 1960 मध्ये मूलभूत जमीन कायदा केला. दाट वस्तीच्या भागात ओलिताला पाच हेक्टरची कमाल मर्यादा लागली आणि प्रत्येक शेतकरी कुटुंबाला दोन हेक्टर मिळावेत असे उद्दिष्ट ठरले. जमीनदारांनी नातलगांच्या नावांवर वाटण्या दाखवल्या. अशा वाटण्या आपणही पाहिल्या आहेत. कम्युनिस्टांच्या शेतकरी संघटनेने 1964 च्या सुमारास मध्य आणि पूर्व जाव्हात जमिनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली. 1965 च्या ऑक्टोबरपासून काही महिन्यांत लष्कराच्या पुढाकाराने जे हत्याकांड झाले त्यात किमान पाच लाख माणसे मेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मारणाऱ्यांत आणि मरणाऱ्यांत एकाच गस्तीवर बसलेली माणसे होती. वाटलेली जमीन बऱ्याच ठिकाणी जुन्या मालकांकडे परतली, आणि जमिनीचा शब्द काढणे पुढची तीस वर्षे धोक्याचे झाले.

सुहार्तो यांच्या राजवटीत मालमत्ता खरोखरच घट्ट झाली. त्याची किंमत कोणी दिली, हे सुगीत दिसते. पूर्वी भात कापायला बायका न बोलावता येत. 'आनी-आनी' नावाचे तळहातात मावणारे पाते घेऊन एकेक लोंबी खुडत, कारण देवी श्री दुखावू नये. कापलेल्याचा ठरलेला वाटा, 'बावोन', घेऊन घरी जात. भूमिहीन बाईचे वर्ष त्यावर निघे, आणि मालकाला तिला नाही म्हणायची सोय नव्हती. 1970 च्या दशकात ठेंगण्या, भरघोस वाणांबरोबर विळा आला, गिरणीने कांडप संपवले आणि मालक उभे पीक व्यापाऱ्याला विकू लागले. व्यापारी स्वतःची टोळी आणी. गावातल्या बाईला नाही म्हणण्याचा वाईटपणा आता परक्याकडे गेला. 1984 च्या सुमारास देश तांदळात स्वयंपूर्ण झाला, हे खरे. आणि शेतातला माल सुरक्षित झाला, हेही खरे. मला या सगळ्या इतिहासात हा बदल सर्वांत खोल वाटतो, कारण यात कोणी कोणाचे काही चोरले नाही.

त्याच काळात गावच्या पहाऱ्याला पोलिसांनी सरकारी नाव आणि नियम दिले. 1983 ते 1985 मध्ये गुंड ठरवलेल्या माणसांची प्रेते रस्त्याकडेला सापडू लागली. ती मुद्दाम तशी ठेवली होती, लोकांना धक्का बसावा म्हणून, असे सुहार्तोंनी 1989 च्या आत्मचरित्रात सांगून टाकले. पहारा खाली आणि बंदूक वर, अशी ही व्यवस्था 1998 मध्ये कोसळली. त्याच वर्षी पूर्व टोकाच्या बान्युवांगी भागात करणी करतात या संशयावरून शंभरावर माणसे मारली गेली. काळ्या वेशातले मारेकरी फिरतात अशी आवई उठली. गावोगाव चौक्या पुन्हा उभ्या राहिल्या, रात्रभर पहारे बसले, येणाऱ्या-जाणाऱ्याला ओळखपत्र विचारले जाऊ लागले. या पहाऱ्यांनीही माणसे मारली. त्यांत रस्त्यावर भटकणारे वेडसर लोक होते, ज्यांना आपण कोण हे सांगता आले नाही. जे चिमूटभर तांदूळ गोळा करतात तेच हात हे. जाव्हातल्या खेड्याच्या एकोप्याविषयी गोड लिहिणाऱ्यांनी बान्युवांगी वगळू नये.

2021 च्या सरकारी नियमाने गिरिकधारकांना नोंदणीसाठी पाच वर्षांची मुदत दिली. त्यानंतर तो कागद मालकीचा पुरावा उरत नाही. नोंदणीची मोहीम 2017 पासून जोरात आहे आणि लाखो शेतकऱ्यांच्या हाती प्रथमच पक्के प्रमाणपत्र आले. त्याचा उपयोग नाही असे कोणी म्हणू नये. बँक त्यावर कर्ज देते, भाऊबंदकी मिटते. पण सरकारलाच जमीन हवी असेल तेव्हा प्रमाणपत्र मोबदल्याचा आकडा ठरवायला कामी येते.

मध्य जाव्हातल्या पुर्वोरेजो जिल्ह्यात वादास नावाचे डोंगरउतारावरचे गाव आहे. शेजारच्या बेनेर धरणासाठी तिथला दगड हवा होता. गावाने विरोध केला. वाटांवर चौक्या घातल्या, आणि यावेळी चौकीवर बायका बसल्या, हाताने बांबूच्या टोपल्या विणत. 8 फेब्रुवारी 2022 रोजी मोजणीचे लोक शेकडो पोलिसांसह गावात शिरले. साठांहून अधिक गावकऱ्यांना धरून नेले, दुसऱ्या दिवशी सोडले. पुढे बऱ्याच जमीनमालकांनी मोबदला घेतला.